खिडकीतली वेगळी ताटली

वाचकांचे प्रश्न, पाळकांची उत्तरे

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, प्रभूच्या नावाने सलाम. मी अठ्ठावन्न वर्षांची असून गेली बावीस वर्षे आमच्या मंडळीत रविवारची शाळा घेते. माझ्या पतीचा धाकटा भाऊ दारूच्या पूर्ण आहारी गेलेला आहे. स्वतःच्या वाट्याची जमीन त्याने विकून टाकली आणि सासूबाईंच्या आजारपणासाठी बाजूला ठेवलेले पैसेही उचलले. त्यांच्या शेवटच्या दोन महिन्यांत औषधांसाठी आम्हाला लोकांपुढे हात पसरावे लागले. त्याची बायको मुलाला घेऊन माहेरी गेली, ती परत आली नाही. आता त्याचे यकृत खराब झाले आहे, पाय सुजतात, आणि तो रोज दुपारी एकच्या सुमारास आमच्या मागच्या दाराशी येऊन उभा राहतो. मी त्याला जेवायला देते. एकही दिवस त्याला उपाशी परत पाठवलेले नाही, हे मी प्रभूसमोर सांगू शकते. त्याच्यासाठी एक पोचा आलेली स्टीलची ताटली आणि कान तुटलेला कप मी पडवीच्या खिडकीत वेगळा ठेवला आहे. तो जेवत असताना मी आत निघून जाते, कारण त्याच्याकडे बघवत नाही, किळस येते. राग आता उरलेला नाही. राग होता तेव्हा मी त्याच्याशी भांडत तरी होते. आता तो माणूस मला माणूसच वाटत नाही, हे लिहिताना हात थरथरतो, पण खरे तेच आहे. माझी मुलगी लहान होती तेव्हा हाच तिला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत पोहोचवत असे, हे आठवले की चीड आणखीच वाढते.

गेल्या महिन्यात मी मुलांना चांगल्या शोमरोन्याचा दाखला शिकवत होते : लुटारूंनी मारून वाटेवर टाकलेल्या माणसाला याजक आणि मंदिराचा सेवक लेवी टाळून जातात, आणि यहूदी ज्यांना तुच्छ मानत त्या शोमरोनी लोकांपैकी एक जण त्याची सेवा करतो. एका मुलीने विचारले, "टीचर, त्या शोमरोन्याला त्या माणसाची घाण नाही वाटली का?" मला उत्तर देता आले नाही, आणि त्या दिवसापासून मनाला टोचणी लागली आहे. हातांनी दया करायची आणि मनात तुच्छता बाळगायची, अशी दया देवाला मान्य होईल का? मी प्रभुभोजन घ्यावे की घेऊ नये?
– एक भगिनी, नगर जिल्हा

उत्तर : प्रिय भगिनी,

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यावाचून बाकीचे बोलणे आपल्या मनात शिरणार नाही. आपण प्रभुभोजनाला, त्या भाकरीच्या व प्याल्याच्या मेजापाशी, या. माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे, असे प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिले आहे. आत्मपरीक्षा करावी आणि घरी बसावे, असे त्याने लिहिलेले नाही. आपल्या मंडळ्यांत हे वचन धाक घालण्यासाठी इतक्या वेळा वाचले गेले आहे की ज्यांचे मन हळवे आहे ती माणसे मेजापासून दूर राहतात आणि ज्यांना काहीच टोचत नाही ती निर्धास्तपणे पुढे येतात. पाळक म्हणून या दोषात माझाही वाटा आहे.

मात्र ते वचन ज्या प्रसंगाने लिहिले गेले, तो प्रसंग आपल्या पत्राच्या फार जवळचा आहे. करिंथ येथील विश्वासणारे एकत्र जेवायला जमत, तेव्हा ज्यांच्याकडे भरपूर असे ते आपले आपण आधीच जेवून घेत, कोणी भुकेला राही तर कोणी पिऊन मस्त होई, आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना सर्वांदेखत मान खाली घालावी लागे. पौल ज्याला अयोग्य प्रकारे खाणे-पिणे म्हणतो, त्याची सुरुवात तेथे आहे. तेव्हा मेजापाशी येण्यापूर्वी माझ्या मनात कोणते वाईट विचार आले याची मोजदाद करण्याआधी, मी जेथे जेवतो तेथे माझ्यामुळे कोणाला लाज वाटली, हे विचारायला हवे. म्हणूनच मला आपल्याशी खिडकीतल्या त्या ताटलीविषयी बोलायचे आहे.

त्याआधी आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न. शोमरोन्याला घाण वाटली की नाही, हे हा दाखला लिहून ठेवणारा शुभवर्तमानकार लूक सांगत नाही. त्याने जखमांना तेल व द्राक्षारस लावून त्या बांधल्या, एवढेच तो सांगतो. मारहाण झालेल्या, अर्धमेल्या माणसाच्या जखमा हाताळताना त्याच्या पोटात ढवळले असेल, तर ते पाप नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या सख्ख्या आईची चादर बदलतानाही लेकीला ढवळते आणि ती चादर बदलतेच. त्या मुलीला आपण निःशंकपणे सांगा की त्याला घाण वाटलीही असेल, पण तो थांबला. किळस शरीराला येते आणि जाते. तुच्छता हा मनाने दिलेला निकाल असतो : हा माणूस संपला, याच्याशी बोलण्यासारखे काही नाही, याच्याकडून घेण्यासारखे काही नाही. आपल्या प्रार्थनेत किळसेपायी फार वेळ घालवू नका, या निकालासाठी वेळ काढा.

राग उरलेला नाही, असे आपण लिहिले आहे. पत्रातल्या इतर कोणत्याही वाक्यापेक्षा मला त्या वाक्याची अधिक काळजी वाटली. राग आलेला माणूस समोरच्याला जाब विचारतो, म्हणजे तो जाब देऊ शकेल असे धरून चालतो. प्रभू येशूनेही सभास्थानात लोकांच्या मनाचा कठीणपणा पाहून, खिन्न होऊन, रागाने सभोवार पाहिले, असे मार्काने लिहिले आहे. डोंगरावरील प्रवचनात प्रभू रागापासून सुरुवात करतो आणि मग पुढच्या पायरीवर भावाला ‘राका’ म्हणणाऱ्याविषयी बोलतो. हा अरामी शब्द आहे; त्याचा अर्थ रिकामा, पोकळ, ज्याच्या आत काही नाही असा. "तो माणूस मला माणूसच वाटत नाही" हे आपले वाक्य त्याच शब्दाचे मराठी आहे. आपल्याला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. आपण ते वाक्य थरथरत्या हाताने का होईना लिहिले, म्हणून त्याच्यावर बोलणे शक्य झाले; बहुतेक माणसे ते आयुष्यभर मनात बाळगतात आणि त्याला व्यवहारज्ञान असे नाव देतात.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपल्या संपूर्ण पत्रात आपण त्यांना एकदाही ‘भाऊजी’ म्हटलेले नाही. सुरुवातीला ‘पतीचा धाकटा भाऊ’ असे आले, आणि पुढे सगळीकडे ‘तो’, ‘हा’, ‘तो माणूस’. शोमरोन्याचा तो दाखला प्रभूने एका शास्त्र्याच्या प्रश्नावर सांगितला, आणि शेवटी त्यालाच विचारले की या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला. तेव्हा शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ हा शब्द बाहेर पडला नाही. त्याच्यावर दया करणारा तो, असे तो म्हणाला. उत्तर बरोबर होते, पण नाव जिभेवर येत नव्हते. यहूदी आणि शोमरोनी यांच्यातली तेढ तोवर कित्येक पिढ्यांची झाली होती. उपासना कोठे करायची येथपासून कोणाच्या भांड्यातून प्यायचे येथपर्यंत ती पोहोचली होती. प्रभूला शिवी द्यायची झाली तेव्हा यरुशलेमेतल्या लोकांनी, तू शोमरोनी आहेस आणि तुला भूत लागले आहे, असे म्हटले होते. योहानाचा आठवा अध्याय काढून त्यावर प्रभूने दिलेले उत्तर आपण जरूर वाचा. मला भूत लागलेले नाही, असे तो म्हणतो. मी शोमरोनी नाही, असे तो म्हणत नाही.

या दाखल्याचे आपण साधारणपणे काय शिकवतो? शोमरोन्यासारखे व्हा, वाटेवर पडलेल्याला मदत करा. ते योग्यच आहे. पण ज्या शास्त्र्यासमोर हा दाखला सांगितला गेला, तो ऐकता ऐकता स्वतःला कोणाच्या जागी पाहणार? याजक आणि लेवी निघून गेल्यावर त्याच्यासाठी एकच जागा उरते, ती यरुशलेमेहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर पडलेल्या अर्धमेल्याची. आणि त्याच्यावर वाकलेला चेहरा त्या माणसाचा, ज्याचा स्पर्शही त्याला नको आहे. तुच्छ मानलेल्याला आपण काही द्यावे, एवढ्यावर हा दाखला थांबत नाही. त्याच्या हातून घ्यायची वेळ आली तर आपण घेऊ काय, असे तो विचारतो. दयेची खरी परीक्षा मला येथे दिसते. ज्याच्याकडून मी काहीच घेऊ शकत नाही, त्याला मी जे देतो त्यात तुच्छता राहतेच, मग ताट कितीही भरलेले असो.

आपल्या मराठीला हा भेद ठाऊक आहे. ‘मला तुझी कीव येते’ असे आपण कोणाला तोंडावर म्हटले तर तो अपमान होतो. ‘मला तुझा कळवळा येतो’ असे म्हणून मात्र कोणाचा अपमान करता येत नाही. शोमरोन्याविषयी आपल्या पवित्र शास्त्रात आलेला शब्द कळवळा हा आहे, आणि तेथील मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आलेला आहे. आपण ‘आतडे तुटते’ म्हणतो, अगदी तसा. कीव उभ्या उभ्या करता येते. आतडे तुटायचे असेल तर वाकावे लागते.

याकोबाच्या विहिरीवर प्रभू दमून बसला होता. शोमरोनी स्त्री पाणी भरायला आली, तेव्हा त्याने आधी मागितले : मला प्यायला दे. ती चकित झाली, कारण यहूदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. त्या ठिकाणच्या ग्रीक शब्दाचा, एकमेकांची भांडी वापरत नसत, असाही अर्थ अभ्यासक लावतात. पाणी काढायला तुमच्याजवळ पोहरा नाही, असे तीच पुढे म्हणते, म्हणजे प्यायचे तर तिच्याच भांड्यातून प्यावे लागणार होते. जिवंत पाण्याचा दाता तिच्याशी बोलू लागला तो तहानलेला म्हणून, घेणारा म्हणून.

भगिनी, वेगळ्या भांड्याचा अर्थ आपल्या लोकांना कोणी समजावून सांगायला नको. नगर आणि जालना भागातल्या आपल्या मंडळ्यांतील कितीतरी घराणी ज्या वस्त्यांतून आली, त्या वस्त्यांना गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता. माझी आजी सांगत असे की पाणवठ्यावर तासन् तास थांबल्यावर कोणी तरी वरून पाणी ओती आणि ते खाली ओंजळ धरून प्यावे लागे. पाणी मिळे, तहानही भागे. पाणी देणाऱ्या बाईला आपण दया केली असे वाटतही असेल. हॉटेलबाहेर खिळ्याला अडकवलेला वेगळा कप मी स्वतः लहानपणी पाहिला आहे, आणि आपल्या पत्रात कान तुटलेल्या कपाचा उल्लेख वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तोच आला. यकृताचा हा आजार ताटावाटीतून दुसऱ्याला लागत नाही, हे आपण जाणत असालच. ती ताटली आजारासाठी वेगळी ठेवलेली नाही.

ब्राह्मण घराण्यातले कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. दुसऱ्याच्या हातचे खाणे-पिणे हा त्या मधल्या काळात लक्ष्मीबाईंच्या वाटेतला केवढा डोंगर होता, हे त्यांनी स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. तो डोंगर घेण्याचा होता, देण्याचा नव्हता, म्हणून मला त्यांची आठवण झाली.

आता माझे सांगतो, कारण ते न सांगता आपल्याला उपदेश करणे मला बरे वाटत नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी ज्या मंडळीची सेवा करत होतो, तेथे एक गृहस्थ होते. मंडळीच्या जागेच्या व्यवहारात त्यांनी पैसे खाल्ले होते आणि त्यामुळे तीन गरीब कुटुंबांना राहती घरे सोडावी लागली होती. पुढे ते आजारी पडून दवाखान्यात होते. मी दर गुरुवारी जात असे, स्तोत्र वाचत असे, प्रार्थना करत असे, आणि हे सारे खाटेच्या पायथ्याशी उभा राहून करत असे. शेजारी स्टूल असूनही मी कधी बसलो नाही. एका गुरुवारी त्यांनी मोसंबे सोलले. हात कापत होते, तरी त्यांनी एकेका फोडीवरच्या पांढऱ्या शिरा नखाने काढल्या, दोन फोडी तळहातावर ठेवून हात माझ्यापुढे केला आणि म्हणाले, "घ्या, साहेब." आत्ताच चहा झाला, असे मी म्हणालो. नको म्हणणे बरे दिसले नाही म्हणून त्या फोडी रुमालात गुंडाळून घेतल्या, आणि दवाखान्याच्या फाटकापाशी एक शेळी उभी होती तिच्यापुढे टाकल्या. त्यांच्या खाटेजवळच्या खिडकीतून फाटक दिसते, हे पुढच्या खेपेस माझ्या लक्षात आले. त्यांनी पाहिले होते की नाही, मला ठाऊक नाही. त्या आजारातून ते उठले नाहीत. त्यांच्यासाठी मी केलेली एकही प्रार्थना मला आज आठवत नाही. त्या दोन फोडी आठवतात.

दिवसाच्या शेवटी आत्मपरीक्षण करण्याची जी रीत इग्नेशियस लोयोला यांच्या परंपरेतून आपल्या कॅथलिक बांधवांकडे आली आहे, तिची सुरुवात पापांच्या यादीने होत नाही. मिळालेल्या उपकारांच्या स्मरणाने होते. आपण प्रॉटेस्टंट मंडळींनी ती शिकण्यासारखी आहे. आपण प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री बसाल तेव्हा ‘मी भाऊजींना काय काय दिले’ हे बाजूला ठेवा, आणि त्यांच्याकडून मला, माझ्या घराला काय मिळाले, तेथून सुरुवात करा. आपल्या पत्रात त्याचे उत्तर आहे. सायकलच्या दांडीवर बसलेली मुलगी आपल्या पत्रात आली ती चीड वाढवणारी आठवण म्हणून आली, पण ती आली. त्या वेळी त्याबद्दल कोणी त्यांचे आभार मानले होते का? सासूबाईंच्या औषधांचे पैसे आणि ती सायकल यांची वजाबाकी करायला मी सांगत नाही. पैशांचा अन्याय होता तसा राहील आणि त्याला अन्यायच म्हणायचे आहे. पण जो माणूस माणूसच वाटत नाही, त्याने एके काळी आपल्या लेकीला रोज सांभाळून नेले होते, ही गोष्टही तितकीच खरी आहे, आणि तिच्याबद्दल देवाचे आभार मानताना नाव घ्यावे लागेल. तेथे नाव घ्या.

दुपारी एक वाजता काय करायचे, तेही सांगतो, कारण ‘मन बदला’ असे सांगून आपल्याला वाटेवर सोडून देणे सोपे आहे. घरातल्या रोजच्या ताटांपैकी एक ताट घ्या. ते जेवत असताना आत जाऊ नका. बघवत नसेल तर बघू नका, तांदूळ निवडत बसा, पण तेथे बसा. आणि काही दिवसांनी, जमेल तेव्हा, त्यांच्याकडे काही तरी मागा. सासूबाई लहानपणी त्यांना कोणती गोष्ट सांगत, एवढे विचारले तरी पुरे. आपल्या पतीखेरीज ते सांगू शकणारे जगात तेच एक उरले असतील. प्रेम वाटते का, हे रोज तपासू नका. ती ताटली मात्र भंगारात द्या.

प्रश्न : कोणालाही तुच्छ मानू नये हे मान्य आहे, पण व्यसनी माणसे आपल्या भोळेपणाचा फायदा घेतात. माझ्या मेहुण्याला उपचारासाठी मी पंधरा हजार रुपये दिले, ते त्याने आठ दिवसांत पिऊन संपवले. दया करणारा दर वेळी फसवला जावा, अशी प्रभूची इच्छा आहे काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. शोमरोन्याने जखमी माणसासाठी दोन दीनार दिले ते उतारशाळेच्या माणसाच्या हातात दिले. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुराला दिवसाचा एक दीनार मिळतो, त्या हिशोबाने ती दोन दिवसांची मजुरी झाली. जास्त लागले तर परत येईन तेव्हा देईन, असेही तो सांगून गेला, म्हणजे हिशोब पाहायला तो परत येणार होता. दयेने व्यवहाराचे डोळे मिटले पाहिजेत, असे या दाखल्यात कोठेही नाही.

आपल्या मेहुण्यांना रोख रक्कम देऊ नका. औषधांच्या दुकानात किंवा रुग्णालयात परस्पर भरा. पुष्कळ दिवस रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, कधी जिवावरही बेतते. म्हणून ‘उद्यापासून बंद’ अशी शपथ घालण्यापेक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती सुटावी हे पाहा. आपल्या पुण्यातच १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काम करत आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठीत चालणाऱ्या सभा अनेक गावांत भरतात, आणि घरच्यांसाठी अल-अनॉन आहे. आपण स्वतः तेथे जाऊन बसावे, असे मी आपल्याला आग्रहाने सुचवतो, कारण पंधरा हजारांची जखम आपल्याला झाली आहे आणि तिच्याकडे कोणी पाहिलेले दिसत नाही.

"तुम्हाला पैसे देणार नाही, पण उद्या सकाळी दवाखान्यात तुमच्याबरोबर येतो," हे समोर बसून, नाव घेऊन सांगितले तर त्यात तुच्छता नसते. दारातून पन्नासची नोट पुढे करून कडी लावली तर असू शकते. दोन्हींपैकी आपण काय करत आलो, हे आपले आपणच तपासावे.

प्रश्न : मी मराठवाड्यातून शिक्षणासाठी आलेला, वसतिगृहात राहणारा विद्यार्थी आहे. ज्या समाजाने आमच्या पणजोबांना गावाबाहेर ठेवले आणि माझ्या वडिलांनाही शाळेत वेगळे बसवले, त्या समाजाविषयी माझ्या मनात तुच्छता आहे आणि ती मला योग्य वाटते. माझ्या खोलीत त्याच समाजातला एक मुलगा राहतो. दिवाळीला त्याची आई पाठवते तो फराळ तो माझ्यापुढे ठेवतो. मी कधी खाल्लेला नाही. आम्हीच दया दाखवायची म्हणजे आम्हीच पुन्हा वाकायचे, असे नव्हे काय?

उत्तर : प्रिय मित्रा, तुमचा प्रश्न आणि वरच्या भगिनींचा प्रश्न एकसारखा नाही, आणि मी दोघांना एकच उत्तर देणार नाही. त्यांना खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहायचे आहे. तुमच्या घराण्याला शतकानुशतके खालच्या पायरीवर उभे केले गेले, आणि ती जखम तुमच्या वडिलांच्या देहामनावर आहे. तुमच्या रागाला मी पाप म्हणणार नाही. अन्याय आजही होत असेल तर तक्रार करा, न्यायालयाची पायरी चढा, लिहा, बोला. दया म्हणजे वाकणे नव्हे.

जुन्या करारातला योना संदेष्टा आठवा. देवाने त्याला निनवेला जायला सांगितले, तेव्हा तो उलट तार्शीशकडे पळाला. तो गथ-हेफरचा, म्हणजे उत्तरेकडील इस्राएल राज्यातला होता. निनवे हे अश्शूराचे नगर आजच्या मोसुलजवळ तीग्रीस नदीकाठी होते, आणि याच अश्शूराने पुढे इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास योनाचे राज्य बुडवले. नहूम संदेष्ट्याने त्या नगराला रक्तपाती म्हटले आहे. तेव्हा योनाला निनवेकरांविषयी जे वाटत होते ते उगीच नव्हते, आणि निनवेकर मुळात भले लोक आहेत, असे देवही त्याला कोठे सांगत नाही. त्यांची दुष्टता माझ्यापर्यंत पोहोचली आहे, असेच सांगून तो योनाला पाठवतो. त्यांच्या तोंडावर त्यांचा अपराध सांगणे, हेच योनाचे काम होते. योना तार्शीशच्या जहाजात बसला तो भीतीने नव्हे. चौथ्या अध्यायात तो स्वतःच कबूल करतो की देव कृपाळू, कनवाळू आणि मंदक्रोध आहे हे त्याला ठाऊक होते आणि म्हणूनच तो पळाला. सांगितले तर ते ऐकतील, ऐकले तर वाचतील, आणि ते वाचावेत हे त्याला नको होते.

म्हणून तुम्हाला एवढेच तपासायला सांगतो. त्या समाजातला एखादा माणूस खरोखर बदलला, आपल्या आजोबांच्या वागण्याची त्याला मनापासून लाज वाटली, तर ते ऐकून तुमच्या मनात काय होते? बरे वाटते, की काही तरी हिरावून घेतल्यासारखे वाटते? बरे वाटत असेल तर तुमच्याजवळ आहे तो राग आहे, आणि तो देवाच्या हाती देऊन कामाला लावता येईल. हिरावल्यासारखे वाटत असेल तर तुमच्या पणजोबांना गावाबाहेर ठेवणाऱ्यांच्या मनात जे होते, तेच रोप तुमच्या अंगणात रुजू पाहत आहे. ते कोणी लावले हे तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. तरी उपटावे तुम्हालाच लागेल, कारण अंगण तुमचे आहे.

फराळाच्या डब्याचे काय करायचे, हे मी सांगणार नाही. ज्याच्या घराण्याचा अपमान झाला, त्याला या बाबतीत दुसऱ्या कोणी घाई करू नये. तो मुलगा डबा तुमच्यापुढे ठेवतो तेव्हा त्याला आपल्या आजोबांविषयी काय ठाऊक आहे, हे मात्र एकदा त्याला विचारा. कदाचित त्याला काहीच ठाऊक नसेल, आणि तुमच्या वडिलांच्या शाळेतली ती वेगळी जागा त्याला प्रथम तुमच्याकडूनच कळेल. काय झाले ते मला कळवा. पत्रावर वसतिगृहाचा पत्ता लिहा. उत्तर या पानावर न छापता टपालाने पाठवीन.